पाणपोईवरचा उपास

इंजिनाला पाणी पाजायची ती लोखंडी सोंड अजून फलाटाच्या टोकाला उभी आहे. गंजून तांबडी झाली आहे, मान अर्धवट वळलेली, तोंडात चिमण्यांनी काड्या कोंबलेल्या. वाफेची इंजिनं गेली, तिला पाणी देणारा हौदही पाडला, तरी हिला काढायचं कोणाला सुचलेलं नाही. आणि माणसांना प्यायचा नळ मात्र कोरडा ठणठणीत! तोटी फिरवली तर मेला नुसता फुसफुसतो.

अक्काला जळगावला माझ्याकडे न्यायला मी आले होते. गाडी लेट. ऊन असं की फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती. तिकीट खिडकीतल्या पोराला म्हटलं, "बाबा रे, ती वेटिंग रूम तरी उघड. म्हातारं माणूस आहे बरोबर."

"चावी साहेबांकडे असते मावशी. साहेब नरडाण्याला गेलेत."

"मग आम्ही बसायचं कुठे?"

"तिथं काही नाही हो बघण्यासारखं. मोडकी बाकडी आहेत नुसती."

काही नाही म्हणे! त्या खोलीत काय काय होतं ते याला कोण सांगणार, आणि सांगून तरी काय उपयोग. मी परत येऊन अक्काशेजारी बसले. माझ्या या थोरल्या बहिणीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. उजेड-सावली तेवढी कळते. ती उन्हाकडे तोंड करून शांत बसली होती.

"लेट शे का वं?" तिनं विचारलं.

"कितला लेट ते देवलेच माहित."

"मंग येई," अक्का म्हणाली. जन्मभर हिचं हे असंच. मला हिच्या शांतपणाचाच संताप येतो.

आमचं घर स्टेशनाच्या रस्त्यावर, फाटकाच्या अलीकडे. पुढे ओटा, ओट्यावर कडुनिंबाची सावली, आणि त्या सावलीत दर उन्हाळ्यात आबांची पाणपोई. आबा म्हणजे आमचे आजोबा. कपाशीचं रान होतं, बैलजोड्या होत्या, पण आबांना अभिमान कशाचा, तर पाणपोईचा. वाळूत रोवलेले रांजण, त्यांच्यावर ओली पोती, पाण्यात वाळ्याची जुडी. ते पाणी ओठाशी आलं की आधी वास यायचा, मग गारवा. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही आबा कोरडा जाऊ द्यायचे नाहीत. "ह्या वाटले तहान्या मानूस जावाव नही," असं ते सगळ्यांना ऐकवत. त्यातही रीत होतीच हो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओंजळीत वरून झारीची धार. तांब्या हातात द्यायचा तो फक्त आपल्या माणसाला, पाहुण्याला. पुण्य सगळ्यांसाठी, तांब्या मात्र मोजक्यांसाठी! पाणी द्यायला अक्का बसायची. शेतातल्या धुळीनं तिचे डोळे तेव्हाच लाल व्हायचे, म्हणून तिला शेताचं काम नव्हतं.

आणि समोर स्टेशनात इंजिन पाणी प्यायचं. सोंड फिरवून त्याच्या पाठीवर आणायची, साखळी ओढायची, की धो धो धार. भरून सांडलेलं पाणी तापलेल्या खडीवर पडलं की चर्र आवाज आणि कोळशाचा ओला वास. तो वास मला आजही कुठे आला तर मी थांबते. आता तो कुठे येतच नाही.

त्या काळात गोरे साहेब गाड्या भरभरून निघून चालले होते. राज्य आपलं झालं होतं. आणि तेव्हा हा एक उलटा आमच्या स्टेशनात उतरला. उंच, तांबूस दाढी, उन्हानं नाकाची सालं निघालेली, पांढरा पायघोळ झगा आमच्या काळ्या मातीच्या धुळीनं राखाडी झालेला. हातात पत्र्याची पेटी. भुसावळहून पहाटेच्या पॅसेंजरनं आलेले हे फादर. गावानं त्यांचं लगेच फादरबाबा करून टाकलं. कुठल्या मुलखाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर सांगत, आमच्याकडे थंडीत पाणी दगडासारखं होतं, त्यावरून माणसं चालतात. आम्हा पोरांना वाटे, काय थापा मारतो हा माणूस!

आमचे स्टेशन मास्तर गोव्याकडचे किरिस्तांव. त्या लाइनीवरच्या छोट्या स्टेशनांत त्यांच्या धर्माची आणखी चार घरं होती, कोणी पॉइंट्समन, कोणी गँगचा मुकादम. त्यांच्यासाठी फादरबाबा महिन्यातून एकदा यायचे. वेटिंग रूममध्ये पूजा. तिला ते मिसा म्हणत. पण बाकीची घरं ट्रॉलीवरून यायची, त्यांना वेळ लागायचा. स्टेशनात सावली नाही. म्हणून पहिल्याच दिवशी फादरबाबा रस्ता ओलांडून आमच्या निंबाखाली येऊन उभे राहिले.

आबांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि आत हाक मारली, "अक्का, झारी नको. तांब्या आन!"

घासून लखलखीत केलेला तांब्या अक्कानं पुढे धरला. फादरबाबांनी दोन्ही हात जोडले आणि पुस्तकातलं मराठी बोलले, "कन्ये, फार उपकार. परंतु मिसा होईपर्यंत मला पाणी वर्ज्य आहे."

अक्काला काही कळेना. ती तांब्या धरून तशीच उभी. त्यांनी मान हलवली. नको.

त्यांचे ओठ तडकले होते. नजर तांब्यावरून हलत नव्हती, हे मी पाहिलं. मी लहान होते, तिनं धरलेल्या तांब्याच्या उंचीची, म्हणून मला दिसलं असेल. आबांना दिसली ती फक्त हललेली मान. "उपास आहे," फादरबाबा पुन्हा म्हणाले. हा शब्द सगळ्यांना कळला, आणि त्यानंच घोटाळा झाला. आमच्याकडे उपासाला पाणी चालतं, चहा चालतो, केळी, शेंगदाणे, भगर, सगळं चालतं. उपास असेल तर आम्ही जास्तच खातो! पाणी नाकारायला उपास कसा आड येईल?

तेवढ्यात ट्रॉली आली आणि ते गेले. आम्ही पोरं मागोमाग. वेटिंग रूमच्या दाराशी गर्दी करून पाहिलं. टेबलावर पांढरीशुभ्र चादर, दोन मेणबत्त्या. आमच्या खानदेशी उन्हानं त्या पेटायच्या आधीच वाकल्या होत्या. पेटीतून पेला निघाला, छोटी घंटा निघाली. फादरबाबा भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. मास्तर फिडल वाजवत होते आणि मास्तरीणबाई डोक्यावर पदर घेऊन गात होत्या. बाहेर कपाशीच्या गाठींचा वास, आत मेणाचा. गाडीची वेळ झाली तरी कोणी हलत नव्हतं.

मिसा संपली. फादरबाबा मास्तरांच्या क्वार्टरच्या पडवीत बसले आणि गरम गरम चहा, कपावर कप, प्यायले. आमच्या ओट्यावरून ती पडवी सरळ दिसायची. आबा निंबाखाली उभे राहून पाहत होते.

"पानी पे म्हनो तर मान हालावस," आबा म्हणाले. "मास्तरना घर च्या चालस. आपलं पानी बाटस का त्याले?"

झालं! तिथं गाठ बसली. अशी गाठ की दातांनीही सुटेना.

दर महिन्याला तेच. पहाटेची पॅसेंजर, निंबाची सावली, आणि ते ओट्याच्या कडेला बसलेले. आबांनी बसू नका असं कधी म्हटलं नाही. आबा दारातल्या माणसाला हाकलणारे नव्हते. पण बोलत नसत. तांब्या पुढे करायचा नाही, असा घरात हुकूम. गावातले टवाळ म्हणायचे, "इंजिन पानी पेस, फादरबाबा नही पेस!" आणि फादरबाबा तहानेनं कोरडे पडलेले तिथं बसून काय करायचे, तर गावच्या पोरांचे डोळे धुवायचे.

आमच्या भागात तेव्हा घरोघर डोळे आलेले असायचे. पापणीच्या आत खुपऱ्या. पोरांच्या डोळ्यांवर माश्या, पापण्या चिकटलेल्या. फादरबाबा काडीवर पापणी उलटी करायचे, बोरिकचं पाणी सोडायचे, पिवळं मलम लावायचे. पोरं बोंबलायची, "दुखस! सोड!" फादरबाबा अहिराणी शिकले ते या बोंबांमधून. "दुखस" आणि "सोड" हे त्यांचे पहिले दोन शब्द. पुढे ते इतकं झकास बोलायला लागले की बाजाराला जाणाऱ्या बायका थांबून ऐकायच्या.

एक दिवस त्यांनी पाणपोईवरच्या अक्काकडे नीट पाहिलं. उन्हाकडे तिला बघवत नव्हतं, पदर डोळ्यांवर ओढून ती झारी धरायची. त्यांनी आबांना सांगितलं, "आबा, ह्या पोरना डोया माले दखू द्या. खुपऱ्या आतून खरवडतात. आता मलम लावलं, काही महिने रोज लावलं, तर डोळे राहतील. उशीर झाला तर बुबुळावर फूल पडेल."

आबांचा जीव होता अक्कावर. आम्हा सगळ्यांत जास्त तिच्यावर. पण ते काय म्हणाले? म्हणाले, "ज्याले आपला घरनं पानी चालत नही, त्याना हात आपली पोरना डोयाले लागाव नही."

आता मला सांगा, याला काय म्हणावं? एका बाजूला रोमच्या कायद्यासाठी घसा सुकवणारा एक हट्टी, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या मानासाठी अडून बसलेला दुसरा हट्टी, आणि मधे माझ्या बहिणीचे डोळे. देवा रे!

कोणी समजावलं नाही असंही नाही. मास्तरीणबाईंनी माझ्या आईला सगळं नीट सांगितलं. रात्री बारापासून मिसा होईपर्यंत पोटात काही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, आणि त्या पूजेनंतरच फादरनं खायचं-प्यायचं. मायला ते लगेच पटलं. हरताळकेला ती स्वतः निर्जळी करायची. तिनं जेवण वाढता वाढता आबांना सांगितलं.

आबा हसले. "निर्जळी बाया करतस, नवरासाठी. हाऊ कोना नवरासाठी करी ऱ्हायना? आन सकायना दहाले सुटस तो कसाना उपास?"

मायनं पुढची भाकरी वाढली. सासऱ्यापुढे यापेक्षा जास्त बोलायची तेव्हा रीत नव्हती. जळली मेली ती रीत.

फादरबाबांनीही एकदा खटपट केली. मिसा आटोपून, चहा न घेता, घाईघाईनं आमच्या ओट्याशी आले. सुरतेकडची गाडी सिग्नलला येऊन उभी होती. धापा टाकत म्हणाले, "आबा, आते चालस. पानी द्या." पण त्याच्या आधी पडवीत मास्तरीणबाईंनी त्यांच्या हातात कप ठेवलेला आबांनी पाहिला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला, ते आबांनी पाहिलं नाही. "च्या पी उनात, आते आमना पानीनी चूळ भराशात का?" असं म्हणून आबा आत निघून गेले. गाडीनं शिट्टी दिली. फादरबाबा झग्याचा घोळ धरून पळाले. मी त्यांना पळताना पाहत होते आणि मनातल्या मनात ओरडत होते की थांबा ना, एक गाडी चुकली तर काय होतं! पण पुढच्या स्टेशनात कोणीतरी त्यांची वाट बघत असणार. त्यांना नेहमी पुढचं स्टेशन असायचं.

मायनं एकदा चोरून अक्काला मास्तरीणबाईंकडे पाठवलं. फादरबाबांनी तिच्यासाठी मलमाची नळी ठेवली होती. चार दिवस अक्काच्या पापण्या उघडल्या. मला आठवतं, ती सकाळी उठून अंगणात उभी होती आणि म्हणाली, "निंबले कितला बारीक बारीक पाने शेतस वं!" पाचव्या दिवशी आबांनी तिच्या पापणीला पिवळं पाहिलं. ओरडले नाहीत. नळी मागून घेतली आणि विहिरीत टाकली. मग तिला बैलगाडीत घालून स्वतः शिंदखेड्याच्या वैद्याकडे नेलं, दोंडाईच्याला नेलं, देवीला नवस बोलले. वैद्यानं खडीसाखरेनं पापण्या घासल्या. अक्का गाडीत उपडी पडून कण्हत घरी आली. आबा तिच्या डोक्यावर उपरण्याची सावली धरून चालत आले होते. त्या माणसावर नुसतं चिडताही येत नाही, हीच तर अडचण आहे.

आखाजी आली, म्हणजे आमची अक्षय तृतीया. गावातल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले. गौराईची गाणी रस्त्यावरून स्टेशनापर्यंत ऐकू जायची. पोरी अक्काला झोक्यावर ओढत होत्या आणि ती म्हणत होती, "नको, माले दोर दिसत नही." तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आलं. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या दोन्ही बुबुळांवर पांढरट धुकं होतं. तिला पाहायला यायची होती ती मंडळी मग आलीच नाहीत.

आणि नंतर, बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसं, तो दिवस उजाडला. चैत्रातला. रांजण नुकतेच भरले होते. पॅसेंजरमधून फादरबाबा उतरले ते फलाटावर थांबले नाहीत, मास्तरांना भेटले नाहीत, सरळ आमच्या ओट्यावर आले. दाढी अर्धी पांढरी झाली होती. त्यांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा फुललेला होता.

"आबा, पानी द्या! मिसा व्हवानी शे, तरी बी चालस. रोमच्या मोठ्या फादरांचा हुकूम आला. पाण्यानं उपास मोडत नाही."

आबांनी रांजणाकडे पाहिलं. मग विचारलं, "मंग पहिलेपसूनच मोडत नव्हता का?"

फादरबाबांचा चेहरा उतरला. "आबा," ते म्हणाले, "ते माले माहित नही."

आबा उठले. घरात पाण्याला पुरुषानं हात लावायची पद्धत नव्हती, पण ते स्वतः रांजणापाशी गेले, स्वतः तांब्या भरला आणि फादरबाबांच्या हातात दिला. झारी नाही, ओंजळ नाही. हातात तांब्या. रस्त्यावरची माणसं थांबली होती. फादरबाबा प्यायले. घटाघटा, दाढीवरून ओघळ गळ्यात गेले, तांब्या रिकामा होईपर्यंत थांबले नाहीत. आबांनी रिकामा तांब्या घेतला आणि म्हणाले, "आते पोरना डोया दखा."

अक्काला निंबाखाली बसवलं. फादरबाबांनी काडीवर तिची पापणी उलटी केली. एक डोळा, मग दुसरा. खूप वेळ पाहिलं. तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, अक्काही काही बोलली. मग ते आबांकडे वळून म्हणाले, "धुवू, आबा. धुवू."

त्या दिवसापासून दर महिन्याला धुणं सुरू झालं. आबा शेजारी बसायचे, अक्काचं डोकं आपल्या हातांनी धरायचे. फादरबाबा आमच्याकडे कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायचे, डोळ्यांतून पाणी काढत खायचे, आबा पोट धरून हसायचे. इतक्या वर्षांचं न बोललेलं ते दोघं बोलत बसायचे. दर वेळी जाताना आबा विचारायचे, "फरक शे का?" आणि दर वेळी उत्तर तेच. "धुवू, आबा." मी तेव्हा शाळेत बरीच वरच्या वर्गात होते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फरक आहे का, याचं उत्तर हो किंवा नाही असं असतं. धुवू हे काय उत्तर झालं? ढोंगी म्हातारा, असं मी मनात म्हणायचे.

लाइनीवरची किरिस्तांव घरं एकेक करून गेली. मुकादम गेला, पॉइंट्समन गेला. शेवटी मास्तरांचीही बदली झाली. मास्तरीणबाई गाडीत बसताना अक्काच्या गळ्यात पडून रडल्या. त्यानंतर वेटिंग रूममध्ये मिसा झाली नाही, कोणासाठी होणार? तरी पुढच्या महिन्यात फादरबाबा उतरलेच. पेटीत पांढरी चादर नव्हती, मेणबत्त्या नव्हत्या, फक्त डोळ्यांचं सामान. नव्या मास्तरानं त्यांना तिकीट विचारलं.

आबा त्याच वर्षी गेले. कपाशी वेचायच्या दिवसांत. दोन दिवस आधी मायला म्हणाले, "अक्काना डोया आते बरा व्हतीन. फादर सोडाव नही तिले."

दहाव्यानंतर फादरबाबा आले. जोडे खाली काढून ओट्यावर बसले. अक्कानं चाचपडत तांब्या भरून आणला, ते प्यायले. बराच वेळ बसले. आणि पेटी उघडलीच नाही. अक्काच्या डोळ्यांना हात लावला नाही. गाडी आली तसे उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, मी डोकं बाजूला घेतलं. आबा होते तोवर धुणं होतं, आबा गेले आणि याचं औषधही संपलं! हेच तुमचं प्रेम का, असं मला त्यांच्या तोंडावर विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कोणी म्हणे दूर कुठे पाठवले, कोणी म्हणे आजारी आहेत. आम्हाला कोण कळवणार होतं? आम्ही त्यांचे कोण?

तो राग मी इतकी वर्षं जपला. आज नळाची तोटी दुसऱ्यांदा फिरवून आले, तेव्हा तो सगळा अक्कापुढे बाहेर पडला. म्हटलं, "तुना डोया त्या दोन्ही म्हतारासनी खादात. एक पानी पिना नही, एकनी औषध लावू दिधं नही. आन शेवटले तो फादर बी फसाडी गया. आबा मरताच पेटी बंद!"

अक्का हसली. दात कमी झालेत, पण हसणं तेच.

"तुले सांगू का एक? त्या दिवशी त्यानी मनी पापनी उलटाई आन कानजवय बोलना, पोरी, आते उपेग नही. माले माफ कर. मी बोलनू, आबाले सांगू नका."

मी तिच्याकडे वळले.

"मंग दर महिनाले धुये काय तो?"

"पानी," अक्का म्हणाली. "नुसतं पानी. आपलाच रांजननं. औषध दुसरा पोऱ्यासले लागी, म्हने. बराबर शे ना? आबा डोकं धरेत, तो धुये. गार लागे माले. आबा माले बी इचारेत, फरक शे का? मी म्हनू, शे. आबा सुखमा गयात."

फलाटावर कोणी नव्हतं. सोंडेतल्या चिमण्या तेवढ्या चिवचिवत होत्या.

"आन माले? माले काबर नही सांगं इतला वरीस?"

"तू आबाले सांगी देती," अक्का म्हणाली. "मंग तू कधी इचारं नही."

खरंच सांगितलं असतं. भर ओट्यावर, चार माणसांत, आबांच्या तोंडावर सांगितलं असतं की तुमच्या तांब्यापायी हिचे डोळे गेले. ती तिघं मिळून आबांना सांभाळत होती, फादरबाबा, अक्का आणि ते रांजणातलं पाणी, आणि मला त्यातून बाहेर ठेवलं होतं ते माझ्या या तोंडामुळे. आबा गेल्यावर ते धुणं थांबलं, कारण ज्याच्यासाठी धुवायचं तोच उरला नव्हता. मी मात्र डोकं बाजूला घेतलं. आता मी कोणावर चिडू? सांगा ना, कोणावर?

"तहान लागनी वं," अक्का म्हणाली.

नळ काही आला नाही. मी फाटकाजवळच्या चहावाल्याकडे गेले, त्याच्याशी दोन शब्द भांडले आणि तांब्याभर पाणी मागून आणलं. अक्काच्या हातात तांब्या दिला. तिनं आधी त्यात बोटं बुडवली आणि दोन्ही डोळ्यांना लावली. मग प्यायली.